सुभेदारांच्या मोटारीचा सात दिवसांचा विमा

जतकडचे एक मेंढ्यांचे व्यापारी एकदा आमच्या सांगलीच्या कचेरीत आले. म्हणाले, जीपचा विमा उतरवायचा आहे, पण फक्त जातानाचा. मी विचारलं, येतानाचा का नको? तर कानडी हेल काढून शांतपणे म्हणाले, "येताना गाडी रिकामीच असती की, साहेब." मेंढ्या बाजारात उतरवल्या की त्यांच्या लेखी गाडीत जपण्यासारखं काही उरत नव्हतं. परत येताना ते स्वतः त्या गाडीत बसणार होते, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. मी ते सुचवलं तेव्हा ते मनापासून हसले. विमा मात्र जाण्या-येण्याचा घेतला.

माझी नोकरीची पहिली सहा-सात वर्षं अशाच माणसांत गेली. काळ १९६० नंतरचा. दक्षिण सातारा जिल्ह्याचा सांगली जिल्हा झाला होता, पण खेड्यापाड्यांतून येणाऱ्या अर्जांवर जुनंच नाव असायचं. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. वसतिगृहात राहून, शिक्षकांच्या घरी वारावर जेवून मी बी. ए. झालो आणि एका मोटार विमा कंपनीत आधी कारकून आणि मग इन्स्पेक्टर म्हणून लागलो. आईला मी विमा म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं. ती सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजे काय झालं न्हाई तर लोक तुला पैसं देत्यात. बरी हाय की नोकरी." याहून चांगली व्याख्या मला पुढे तीस वर्षांत कुणी सांगितली नाही.

वाचकांपैकी बहुतेकांनी विमा काढला असेल, पण त्या काळची रीत थोडी सांगायला हवी. गाडी रस्त्यावर आणायची तर विमा हवाच, असा कायदा होता. हा विमा गाडीसाठी नसतो. गाडीखाली येणाऱ्या परक्या माणसासाठी असतो. गाडी मोडली तर मालकानं बघून घ्यावं, पण रस्त्यावरच्या माणसाचा हात-पाय मोडला तर त्याची भरपाई कंपनीनं करायची. गाडीवाल्यांना हे पटवणं अवघड जायचं. आपण पैसे भरायचे आणि फायदा अनोळखी माणसाचा, हे त्यांना उफराटं वाटे.

त्यात आमच्या भागातल्या मोटारी वर्षातून किती दिवस चालायच्या? उसाच्या गावात एखादी जुनी मोटार असायची. कुणा इनामदाराकडून किंवा औंधकडच्या एखाद्या जुन्या मानकऱ्याकडून उतरत्या किमतीत घेतलेली. दहा महिने ती गोठ्याशेजारच्या छपरात विटांवर उचलून ठेवलेली, चाकं हवेत, वर गोणपाट. लग्नसराई आली की ती खाली उतरायची. तिला वर्षाचा विमा घ्या म्हटलं की मालक गोणपाटाकडं बोट दाखवायचे.

म्हणून माझ्याकडं जास्त करून थोड्या दिवसांच्या विम्याची गिऱ्हाइकं. त्यातही एक मेख होती. दर दिवसावर नव्हता, टप्प्यांवर होता. सात दिवसांपर्यंत एक दर, आठवा दिवस लागला की पूर्ण महिन्याचा दर, आणि तो सातच्या दरापेक्षा बराच चढा. गिऱ्हाइकाच्या तारखा त्या टप्प्यात कशा बसवायच्या याचा मला नाद लागला होता. कुणाची वरात, कुणाची जत्रा, कुणाचा आजारी माणूस मिरजेला न्यायचा. मी कागदावर तास मोजून ते सात दिवसांत बसवायचो आणि माणसाचा चेहरा खुलला की मला धन्य वाटायचं. गरिबीतून आल्यामुळं दुसऱ्याची बचत करून देणं मला पुण्याचं काम वाटे. सुभेदार यादवांच्या मोटारीपर्यंत तरी वाटे.

सुभेदार कडेगावजवळच्या एका गावचे. लष्करात मोटारींच्या ताफ्यावर नोकरी करून निवृत्त झालेले, घरचा ऊस, अंगात अजून परेडचा ताठपणा. थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं, मुलगा जतचा. मोटार घेऊन सुभेदार स्वतः गुरुवारी नवऱ्या मुलाला आणि त्याच्या वडीलधाऱ्यांना आणायला जाणार होते, कारण गावात परवाना असलेला दुसरा माणूस नव्हता. मग लग्न, पाठवणी, आणि शेवटी पुढच्या गुरुवारी सकाळी उरलेल्या पाहुण्यांना विट्याच्या यष्टीला सोडून नऊपर्यंत गाडी परत छपरात.

गाडी पाहायला मी त्यांच्या गावी गेलो. त्यांनी मला ओट्यावर नाही, आत बसवून चहा दिला. त्या काळात त्या गावात ही साधी गोष्ट नव्हती, एवढंच लिहितो. मी तारखा मांडल्या. गुरुवार ते गुरुवार धरले तर आठ दिवस होत होते. मी तास मोजले आणि म्हणालो, गुरुवारी सकाळी दहापासून पुढच्या गुरुवारी सकाळी दहापर्यंत लिहितो, बरोबर सात दिवस होतात. फक्त एक गोष्ट कडक पाळायची. पहिल्या गुरुवारी दहाच्या आत गाडी रस्त्यावर आणायची नाही.

"रस्त्यावर न्हाई," सुभेदार म्हणाले. "समजलं. हुकूम तो हुकूम."

मी कार्बन घालून तात्पुरत्या विम्याची चिठ्ठी लिहिली, मूळ प्रत त्यांना दिली आणि परतलो. वाटेत स्वतःवर खूश होतो.

त्या गुरुवारी विट्याच्या अलीकडं एका वळणावर सुभेदारांच्या मोटारीची सायकलवरून येणाऱ्या एका माणसाला धडक बसली. बैलगाडीला वाट द्यायला सुभेदारांनी गाडी बाजूला घेतली आणि बैलगाडीच्या आडून सायकल समोर आली. माणूस होता शंकर कांबळे, गवंडी. नडगीचं हाड मोडलं. सुभेदारांनी त्याला तसाच मोटारीत घातला, सांगलीच्या सरकारी दवाखान्यात दाखल केला, आणि मग जतला गेले. पोचायला दिवस मावळला. लग्न मात्र ठरल्या दिवशी पार पडलं.

हे सगळं मला नंतर कागदांवरून कळलं. अपघाताचा फॉर्म सुभेदारांनी भरून पाठवला होता, सुवाच्य अक्षरात. गाडी मुक्कामाच्या जागेवरून किती वाजता निघाली, या प्रश्नापुढं त्यांनी लिहिलं होतं: सकाळी सात.

आमचे मॅनेजर देवधर साहेब यांनी तो फॉर्म माझ्यापुढं ठेवला. शेजारी माझी चिठ्ठी. सकाळी दहापासून. सुभेदारांच्या गावापासून अपघाताची जागा दहा-बारा मैल. सातला निघालेली गाडी फार तर आठला तिथं असणार. पोलिसांच्या पंचनाम्यात नुसतंच 'सकाळच्या सुमारास' होतं. देवधर साहेब म्हणाले की सातला निघाली असेल तर अपघाताच्या वेळी गाडीचा विमा नव्हता, आणि विमा नव्हता तर गवंड्याला कंपनीकडून काही मिळणार नाही. मग त्यानं सुभेदारांवर कोर्टात जावं आणि वर्षं मोजावीत.

शंकर कांबळे माझ्या बहिणीच्या सासरच्या गावचे. आमच्याच समाजाचे. बौद्ध धम्माच्या दीक्षेच्या वर्षी त्यांनी गावातल्या सभेला जागा सारवून दिलेली मला आठवत होती. साहेबांना हे माहीत होतं की नाही ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण ते म्हणाले, "वाघमारे, मी तुम्हाला खोटं लिहा म्हणत नाही, आणि खरं सोडा असंही म्हणत नाही. मला मुंबईला पाठवायला कागद लागतो. तुमची दया पाठवता येत नाही."

दवाखान्यात शंकररावांचा पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला होता. मी वेळ विचारली. ते म्हणाले, "घड्याळ कुणाकडं हाय, दादा? ऊन पाठीला लागत हुतं, एवढं खरं." ऊन आठलाही लागतं आणि अकरालाही. मग त्यांनीच मला विचारलं, "पाय वाकडा बसला तर परांचीवर कसा चढू? जमिनीवरनं कुठली भिंत उभी ऱ्हाती?" माझ्या मनात एकच होतं. मी त्या दिवशी दहा न लिहिता महिन्याचा विमा लिहिला असता तर हा प्रश्न उभाच राहिला नसता. सुभेदारांची थोडीशी बचत मी या माणसाच्या पायातून काढली होती.

कचेरीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं आडून सुचवलं की सुभेदारांना सांगून फॉर्मवर सातच्या ऐवजी दुसरी वेळ घालून घे, शाई तीच वापर. मी सुभेदारांना पत्र लिहिलं, पण त्यात फक्त विचारलं: गाडी नक्की किती वाजता निघाली, आठवून कळवावे. चार दिवसांनी कार्ड आलं. 'सकाळी सात. यात बदल नाही.' मला त्यांचा राग आला. हुकूम तो हुकूम म्हणणारा माणूस दहाच्या आत रस्त्यावर गेला आणि वर ठासून सांगतोय, असं वाटलं. त्या रागाची मला अजून लाज वाटते.

मी यष्टीनं त्यांच्या गावी गेलो. अंगणात सात-आठ माणसं बसली होती, त्यांत जतहून आलेले मुलीचे चुलतसासरे होते. मी सुभेदारांना हळूच वेळेचं विचारलं. ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सात म्हंजे सात. मुहूर्त सातचा हुता आणि गाडी सातला घरातनं निघाली. कुणी काय बी म्हणू द्या."

जतचे पाहुणे मान हलवून चहा प्यायला लागले. मी हरलो होतो. उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात कुडाच्या कुंपणापलीकडून शेजारच्या काशीबाईंचा आवाज आला. पन्नाशीच्या, कमरेला पदर खोचलेला, हातात सूप.

"व्हय तर, सातला निघाली," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या मिरच्यांवर येऊन ऱ्हायली. तीन तास. कुणी त्ये सांगत न्हाई."

सुभेदारांचा चेहरा पडला. मी काशीबाईंना विचारलं, कुठं राहिली? त्यांनी सूप खाली ठेवलं आणि मला कुंपणाकडं बोलावलं. कुडाचं कुंपण एका जागी नवीन बांधलेलं दिसत होतं.

"हितनं कूड काढला आणि चौघांनी ढकलत आणली माझ्या अंगणात. मिशिन बंदच. मी म्हणलं, आवं सुभेदार, मिरच्या वाळत्यात माझ्या. तर म्हणत्यात, जरा ऱ्हाऊ दे काशी, दहा वाजू देत. सव्वादहाच्या यष्टीनं माझी लेक आली, तवा पण गाडी मिरच्यांवरच. लेकीनं बघितलीया. तिनंच गोळा केल्या, अर्ध्याचा भुगा झालेल्या."

सुभेदारांनी मला बाजूला नेलं आणि मग सगळं सांगितलं.

गुरुजींनी नवरदेवाला आणायला निघण्याचा मुहूर्त सकाळी सातचा काढला होता. माझा हुकूम दहाचा. आमच्या भागात अशा वेळी प्रस्थान ठेवतात: मुहूर्ताच्या वेळी माणसाला निघता येत नसेल तर त्याची एखादी वस्तू घराबाहेर, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. एकदा तिनं घर सोडलं की मुहूर्त साधला. मग सवडीनं निघा. कुणी पंचा-नारळ ठेवतं, कुणी सुपारी. सुभेदारांनी मोटारच ठेवली. रस्त्यावर न आणता, कूड काढून, हातांनी ढकलत शेजारणीच्या अंगणात. माझा हुकूम मोडला नाही आणि गुरुजींचाही नाही. साडेदहाला गाडी तिथून निघाली आणि अकराच्या सुमारास अपघात झाला.

"मग फॉर्मवर साडेदहा का लिहिलं नाही?" मी विचारलं.

ते कुंपणाला टेकून उभे राहिले. जतला गाडी दिवस मावळता पोचली तेव्हाच तिथल्या बायकांत कुजबुज सुरू झाली होती की मुहूर्त चुकवून निघाले, म्हणून रस्त्यात रक्त सांडलं. सून कसल्या पायाची येतीय कोण जाणे. "पोरीनं जन्मभर त्ये ऐकायचं का, साहेब? मी तिथं सगळ्यांम्होरं सांगितलंय, गाडी सातला निघाली. आता कागदावर साडेदहा लिवलं आणि त्यो कागद कुणी जतला दाखवला तर?" मग ते म्हणाले, "त्या गवंड्याचं मी बघतोच हाय. ऊस गेला की देणार हाय. पण सात बदलणार न्हाई."

मला स्वतःचीही चूक कळली. मी याच मातीतला. लहानपणी प्रस्थान म्हणून ठेवलेला नारळ शेजारच्या घरी पाहिलेला. पण दीक्षेनंतर आमच्या घरातून मुहूर्त गेला, पंचांग गेलं, आणि वडिलांनी ते इतकं मनापासून सोडलं की मलाही कधी आठवलं नाही. सुभेदारांनी 'सात' लिहिलं तेव्हा या भागातल्या दुसऱ्या कुणीही विचारलं असतं की कुठपर्यंत निघाली? मी शिकलेला होतो, म्हणून विचारलं नाही.

"सात बदलायचंच नाही," मी म्हणालो. "सातही लिहू आणि साडेदहाही."

तिथंच त्यांच्या ओसरीवर बसून मी जबाब लिहिला. सकाळी सात वाजता मुहूर्तावर गाडी घरातून निघाली. चार माणसांनी हातांनी ढकलून, इंजिन बंद ठेवून, कुंपणातून ती शेजारच्या अंगणात नेली. विम्याची वेळ सुरू होईपर्यंत ती तिथंच उभी होती. सकाळी साडेदहाच्या सुमारास ती रस्त्यावर आली. सुभेदारांनी दोनदा वाचलं. सात पहिल्या ओळीत आहे ना, हे बोट ठेवून पाहिलं आणि सही केली. काशीबाईंचा आणि त्यांच्या लेकीचा जबाब वेगळा घेतला. काशीबाईंनी अंगठा देण्याआधी अट घातली. "माझ्या मिरच्यांचं बी लिवा. किती वाया गेल्या त्ये लिवा." मी लिहिलं. विमा कंपनीच्या कागदावर एक पायली मिरच्यांचा उल्लेख बहुधा त्याआधी कधी झाला नसेल. जतचे पाहुणे हे सगळं ऐकत होते. ते सुभेदारांना एवढंच म्हणाले, "आवं, मोटारीचं प्रस्थान आमी बी पहिल्यांदाच ऐकलं. घरी गेल्यावर सांगतो बायकांना." सुभेदारांनी इतक्या दिवसांनी खांदे सैल सोडलेले मी पाहिले.

देवधर साहेबांनी दोन्ही जबाब वाचले. मिरच्यांपाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि हसले. म्हणाले, "वेळेचं खोटं लिहिणारे मी खूप पाहिलेत. मिरच्यांचं खोटं कोण लिहील?" मग त्यांनी माझ्या बहिणीच्या सासरच्या गावचा विषय स्वतःच काढला. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. म्हणाले, "म्हणूनच मला कागद हवा होता. तुमच्याकडं बोट दाखवायला कुणाला जागा राहू नये." मी त्या माणसाचा कायमचा ऋणी आहे. माझ्यावर विश्वास ठेवून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी मला विश्वासाची गरजच पडू दिली नाही.

मुंबईहून मंजुरी आली तेव्हा मी कार्ड न टाकता दवाखान्यात चालत गेलो. शंकरराव कुबड्यांवर उभं राहायला शिकत होते. मी सांगितलं. ते पलंगावर बसले, प्लास्टरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "म्हंजे आता सावकाश बरा झाला तरी चालंल." तीन आठवड्यांत मला प्रथमच नीट श्वास घेतल्यासारखं वाटलं. पाय बरा झाला. चालताना किंचित ओढायचे, पण परांचीवर चढायचे.

तास मोजून सात दिवसांत बसवायचा नाद मी त्यानंतर सोडला. गिऱ्हाइकाला दोन्ही दर सांगायचो आणि म्हणायचो, शक्य असेल तर दोन्हीकडं थोडी मोकळी जागा ठेवा. काहींनी ऐकलं, काही दुसऱ्या कंपनीकडं गेले. एक-दोघं मला कंपनीचा माणूस म्हणून हिणवूनही गेले. ते चालायचं.

दोन वर्षांनी सुभेदारांचं कार्ड आलं. धाकटीचं लग्न. 'विमा महिन्याचा पाहिजे. गुरुजींना सांगितले आहे, विम्याच्या आधीचा मुहूर्त चालणार नाही. आपण सहकुटुंब यावे.'

आम्ही गेलो. मोटारीसाठी विटांची नवी खोली उभी राहिली होती, आणि तिच्या शेवटच्या थरावर ओळंबा लावून शंकरराव बसले होते. त्यांनी वरूनच हात केला. मी कुंपणापाशी उभा होतो, तेवढ्यात पलीकडून काशीबाई मिरच्यांचं सूप घेऊन आल्या. माझ्याकडं पाहिलं, मोटारीकडं पाहिलं, मग अंगणाकडं.

"इमावाले सायेब," त्या म्हणाल्या, "आज काय बेत हाय? मिरच्या पसरू का नगं?"

"पसरा," मी म्हणालो.